बरण्या वाजवून घेणारा माणूस

काचेची बरणी हातात आली की भाऊ ती आधी कानाशी न्यायचे आणि नखाने तिला टिचकी मारायचे. टण्ण असा लांबलेला आवाज आला की बरणी उजवीकडे. टक् असा बसका आवाज आला की डावीकडे, भंगारात. लोणच्याची असो, कॉफीची असो, फार्महाऊसवाल्यांनी टाकून दिलेली मधाची असो, भाऊंच्या टिचकीतून कुणाची सुटका नव्हती.

"नारळ घेताय की बरणी?" मी म्हणायचे.

"नारळ फुटला तर पाणी सांडतं, ताई," भाऊ म्हणायचे आणि पुढची बरणी उचलायचे. हसायचे नाहीत. मी हसायचे.

मोहोपाड्याला माझं शिलाईचं दुकान आहे. माझ्या तोंडाला पट्टी नाही हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे, तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून ठेवते. दुकानामागच्या पडवीत आम्ही सहा बायका बचत गटाचं काम करतो. कर्जतकडे नदीकाठाने जी फार्महाऊसं आणि रिसॉर्टं झाली आहेत, तिथे लग्नं होतात, वाढदिवस होतात, आणि त्या लोकांना झाडाखाली मेणबत्त्या लावायला रंगवलेल्या जुन्या बरण्या लागतात. आपल्याकडे ज्या बरणीत कोणी डाळसुद्धा भरणार नाही, तिला सुतळी गुंडाळली, लेस लावली, की तिची हौसेची वस्तू होते. माझ्याकडे लेसचे तुकडे पोत्याने पडलेले असतात. तिथून ही कल्पना निघाली.

भाऊंचं नाव मी लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, पण हात धजावला नाही. आम्ही सगळ्या त्यांना भाऊच म्हणायचो. साठीला टेकलेला, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस. इथल्या एका केमिकल कंपनीत पंचवीस वर्षं ऑपरेटर होते. कंपनी बंद पडली, त्याच्या आधी बायको गेली, मूलबाळ नाही. एक दिवस पँटची चेन बसवून घ्यायला दुकानात आले, मागे चाललेलं काम बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ही बरणी तडकणार."

"कशावरून?"

"बुडाला जाड, अंगाला पातळ. मेणबत्ती शेवटाला आली की बूड तापतं."

मी म्हटलं, आले मोठे शहाणे. दुपारी मेणबत्ती लावून बघितली. संध्याकाळपर्यंत बुडाची चकती सुटून वेगळी झाली होती. दुसऱ्या दिवशी मीच निरोप धाडून त्यांना बोलावून घेतलं.

त्यांनी आल्या आल्या आमचं अर्धं काम वाढवून ठेवलं. टिचकी झाली की बरण्या मोठ्या पातेल्यात पाण्यात ठेवायच्या, मंद आचेवर पाणी कढत करायचं, मग एकेक चिमट्याने उचलून बादलीतल्या साध्या पाण्यात सोडायची. दहातल्या दोन-तीन तिथेच तडकायच्या. एवढ्या लांबून, खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या भंगारवाल्याकडून निवडून आणलेल्या, घासून लख्ख केलेल्या बरण्या! आमचा जीव तुटायचा.

"अहो भाऊ, कशाला उगाच परीक्षा बघता बिचारीची?"

"फुटायची ती इथंच फुटू दे," भाऊ म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बरणी तडकली की त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसायचं. मला त्याचा राग यायचा. आमचं नुकसान झालं की ह्या माणसाला बरं वाटतं, असं मी घरी नवऱ्यालाही बोलून दाखवलं होतं.

पण सुतळी गुंडाळावी तर त्यांनीच. एवढा मोठा पंजा, बोटांवर ॲसिडचे पांढरे डाग, आणि सुतळीचा वेढा असा लागायचा की दोन वेढ्यांत नख शिरणार नाही. डिंक दिसायचा नाही, गाठ दिसायची नाही. मात्र बरणीच्या तोंडाशी दोन बोटं काच मोकळी सोडायचे. आमच्यातल्या कोणी हौसेने काठापर्यंत लेस चिकटवली की भाऊ काही न बोलता ती कापून काढायचे.

"दोन बोटं मोकळी. ज्योत वारा लागला की आडवी होते."

"भाऊ, लग्नात एवढं कोण बघतं?"

"कोण नाय बघत. म्हणून तर."

आणखी एक खोड होती त्यांची. सही करायचे नाहीत. टेंपोवाला माल न्यायला आला आणि त्याने चलन पुढे केलं की हे मागच्या मागे मोरीत जायचे. एकदा रिसॉर्टवाल्यांनी सांगितलं, प्रत्येक खोक्यावर 'तपासलं' असं लिहून खाली नाव घाला. तपासणारे भाऊ, म्हणून मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते गरम चिमटा टाकावा तसं खाली टाकलं. मला वाटलं, लिहितावाचता येत नसेल, माणूस लाजत असेल. मग कॉफीच्या बरणीवरचं इंग्रजी त्यांना घडाघडा वाचताना ऐकलं आणि मी चाट पडले. विचारलं तर म्हणाले, "तपासतो मी. लिहा तुमी."

आता सुनंदाचं सांगायला हवं.

सुनंदा आमच्या गटातली सगळ्यात कामसू बाई. गावातली, भातशेतीवाल्या घरातली. तिचा नवरा त्याच कंपनीत होता, भाऊंच्याच पाळीत. अकरा वर्षांपूर्वी तो टाकी साफ करायला आत उतरला आणि आतच मेला. कंपनीने सांगितलं, दारू पिऊन आला होता, परवानगी न घेता उतरला. गावाने ते मानलं, कारण गावाला असं मानायला आवडतं. आणि सुनंदानेही मानलं. कारण मढं घरी आणलं तेव्हा तिने स्वतः त्याच्या अंगाला वास घेतला होता. तो वास होता. सासऱ्यांनी तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली, आणि तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. पोरगी दोन वर्षांची होती. पोरीला शाळेत "दारुड्याची" म्हणायचे. सुनंदा त्याच्या नावाने पितृपक्षात पान वाढत नसे.

"त्याला कशाला वाढू गं ताई? जाताना आमचा इचार केला का त्यानं?" असं ती सुतळीचा तुकडा दातांनी तोडत अगदी सहज म्हणायची. भाऊ समोरच बसलेले असायचे. ते टिचकी मारायचे थांबायचे, मग पुन्हा सुरू करायचे.

तिला सख्खा भाऊ नाही. म्हणून भाऊबीजेला ती आमच्या भाऊंना ओवाळायचं म्हणायची. तीन वर्षं म्हणाली. तिन्ही वर्षं भाऊंनी नेमकी त्याच दिवशी कर्जतला माल पोचवायची टूम काढली. "शिष्ट हाय मेला," सुनंदा म्हणाली आणि लाडू त्यांच्या खोलीवर नेऊन ठेवून आली. आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले असेन.

मागच्या लग्नसराईत आम्हाला तीनशे बरण्यांची ऑर्डर मिळाली. एवढी मोठी कधीच मिळाली नव्हती. माझ्या अंगात वारं शिरलं. लेबलं काढायलाच वेळ फार जायचा. भाऊ खोबरेल आणि धुण्याचा सोडा कालवून लावायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी राखेने घासायचे. तीनशेला असं करत बसलो असतो तर वऱ्हाड जेवून परत गेलं असतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून स्पिरिटचा कॅन आणला. फडक्यावर ओतलं, पुसलं, की डिंक साफ. भाऊ म्हणाले, "ताई, हे नको. आगीचं काम हाय." मी म्हटलं, "मेणबत्त्या लग्नात लावणार आहेत, माझ्या पडवीत नाही." आणि पाच-सहा बरण्या त्यांच्यासमोरच पुसून काढल्या.

तेवढ्यात सुनंदा डबा घेऊन आत आली. उंबऱ्यातच थबकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दारू कोनी आनली इथं?"

"दारू कुठली, वेडे. स्पिरिट आहे. लेबलं काढायचं."

"नाय. हा वास मला ठावका हाय. मढं आनलं तवा ह्योच वास होता." तोंडाला पदर लावून ती बाहेर पळाली आणि गटाराशी जाऊन ओकली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, घरी पाठवलं. बाईचं दुःख ते, कशाने कधी वर येईल सांगता येत नाही, असं मनाशी म्हणत आत आले. भाऊ उभे होते. हातात बरणी होती, आणि ती त्यांच्या हातून सुटून फुटली. त्या दिवशी त्यांनी एकही तुकडा उचलला नाही. मीच झाडलं.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ते माझ्या मशीनसमोर स्टूल घेऊन बसले. मी ब्लाऊजची कड मोडत होते. मग बोलायला लागले, ते थांबेचनात.

त्या टाकीत स्पिरिट असायचं. काढून टाकलं तरी वाफ राहते. माणूस आत उतरायचा तर आधी गॅसचा मीटर आत सोडून हवा तपासायची, मग परमिटवर 'तपासलं, वायू नाही' असं लिहून सही करायची, असा नियम. त्या दिवशी मीटर दुसऱ्या प्लांटला होता. आणायला जाऊन यायचं तर दहा मिनिटं. भाऊंनी तपासल्याशिवाय सही केली. सुनंदाचा नवरा सही बघून उतरला. मग आवाज येईना, म्हणून भाऊ तोंडाला रुमाल बांधून अर्धे आत गेले, त्याला धरून ओढायला लागले, आणि स्वतःही बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा परमिटचं पुस्तक गायब होतं. साहेबाने खाटेशी येऊन सांगितलं, तू काही बोलू नकोस, आम्ही बघतो. त्यांनी जे बघितलं ते हे, दारूचं.

"सुपारी बी खात नव्हता तो, ताई. बडीशेप खायचा. अंगाला वास होता तो टाकीतला. चौकशीला मला इचारलं, पिला होता का? मी खाली बघितलं. बस, एवढंच केलं मी. खाली बघितलं."

"का?"

"बायकू आजारी होती माजी. नोकरी गेली तर औषध कुठनं... आता ती बी नाय आनि नोकरी बी नाय." मग म्हणाले, "मी उद्या सुनंदाला सांगतो. तुमी बाजूला बसा. मला एकट्याला जमायचं नाय."

आता मी काय केलं ते सांगते. लपवायचं असतं तर हे लिहायलाच घेतलं नसतं. मला त्या माणसाची दया आली, घृणाही आली, सुनंदाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. आणि ह्या सगळ्याच्या जोडीला तीनशे बरण्या डोळ्यांपुढे आल्या. हे सांगणार, ती आकांत करणार, गावात बोंबाबोंब होणार, भाऊ यायचे बंद होणार, सुनंदा यायची बंद होणार. मग सुतळी कोण गुंडाळणार?

मी म्हटलं, "भाऊ, अकरा वर्षं थांबलात, अजून बारा दिवस थांबा. ऑर्डर जाऊ दे. मग मी स्वतः बसते तुमच्या बाजूला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सुटल्यासारखंही काही होतं, ते मला आता जास्त टोचतं. "बरं," म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी बरणी कानाशी धरून ते बसल्या जागी कलले. आम्हाला वाटलं, वाकून काहीतरी ऐकतायत. उजवी बाजू पूर्ण गेली. वाचाही गेली. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांचं डोकं सुनंदाच्या मांडीवर होतं.

ऑर्डर वेळेवर गेली. काठापर्यंत लेस लावून गेली. कोणी काही बोललं नाही.

भाऊंना कोणी नव्हतं, तेव्हा दवाखान्यात कोण जाणार हा प्रश्न आला. प्रश्न यायच्या आधीच सुनंदाने तो सोडवला होता. रोज अकरा वाजता ती तांदळाची पेज घेऊन जायची. खाटेच्या कडेला बसून, त्यांची मान हातावर तोलून, चमच्या-चमच्याने भरवायची. हनुवटीवर ओघळलेली पेज पदराने पुसायची. भाऊ तिच्याकडे बघून घशातून आवाज काढायचे. अं, अं, अं. डोळ्यांतून पाणी वाहायचं.

"पानी पायजे? ऊन लागतंय? सिस्टरबाई, ह्यांना कुशीवर करा वो," असं ती दर वेळी काहीतरी ओळखायला बघायची. तिने भांडं दिलं, खिडकी लावली, अंगठ्याने पाय दाबून दिले. मी खाटेच्या पायाशी उभी राहून बघत होते. ते काय सांगतायत हे त्या अख्ख्या वॉर्डात मला एकटीलाच माहीत होतं. चार दिवस मी गप्प राहिले. सहाव्या इयत्तेतल्या मुलीसारखी नखं कुरतडत उभी राहिले.

पाचव्या दिवशी ते इतके तळमळले की पेज सांडली. सुनंदा मला म्हणाली, "ताई, ह्यांना कायतरी बोलायचं हाय गं. कसं कळावं?"

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

आणि सांगितलं. उभ्या उभ्या, वॉर्डात, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा रेडिओ चालू असताना. मीटर, सही, टाकी, स्पिरिट, साहेब, सगळं. मला सावकाश, नीट सांगायचं होतं. पण दोन-चार वाक्यांत संपून गेलं. भाऊंचा आवाज थांबला होता.

सुनंदाच्या एका हातात वाटी होती, एका हातात चमचा.

"म्हंजे तो वास..."

"टाकीचा. तुझा नवरा प्यायला नव्हता. थेंबभरसुद्धा नाही."

ती भाऊंकडे वळली. "भाऊ, खरं हाय ह्ये?"

त्यांनी डोळे मिटले. उघडले. तिच्याकडेच बघत राहिले.

मला वाटलं, आता वाटी भिरकावेल. हंबरडा फोडेल. तिचे दीर आहेत, गाव आहे, काय काय होईल. वाटीत निम्मी पेज शिल्लक होती. सुनंदाने चमचा भरला. त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांना गिळवेना, ती थांबली. मग दुसरा. मग तिसरा. वाटी संपेपर्यंत भरवत राहिली. तोंड पुसलं, मान उशीवर ठेवली, नळावर जाऊन वाटी-चमचा घासला, पिशवीत ठेवला.

मग मला म्हणाली, "उद्यापास्नं पेज तुमी आना. मी येनार नाय."

जिन्यात तिने माझा दंड धरला. "अकरा वर्सं मी त्यांना शिव्या दिल्या गं ताई. त्यांचा फोटू चुलीत घातला मी. पोरगी इचारायची तर सांगायचे, बेवडा होता तुजा बाप. पोरीला म्हनायला लावलं मी." दंडावर तिच्या बोटांचे वळ पुढे दोन दिवस होते. मला वाटलं, आता विचारेल, तुमाला कधी कळलं? तिने विचारलं नाही. मीच सांगितलं. ऑर्डरच्या आधी, म्हटलं. ती हात सोडून खाली उतरून गेली.

पुढे सहा दिवस पेज मी नेली. भाऊ अकरा वाजले की दाराकडे बघायचे. मी दिसले की डोळे बाजूला वळवायचे. चमचा ओठांशी नेला की ओठ घट्ट. "खा हो भाऊ," मी म्हणायचे, विनवायचे, चिडायचे, एकदा तर मी रडलेसुद्धा. रोज वाटी भरून नेत होते आणि भरलेली परत आणत होते. सलाइनवर किती दिवस निघणार? सातव्या दिवशी गेले.

अग्नी माझ्या नवऱ्याने दिला. कंपनीतले जुने चार-पाच जण आले होते, खाली बघत उभे होते. सुनंदा आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी खांबाशी टेकले. पोरगी आत अभ्यास करत होती. सुनंदाने तिला सगळं सांगितलं होतं, पोरीने ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला होता. तोच आता सुनंदाने मला विचारला.

"ताई," खडे वेचता वेचता ती म्हणाली, "आत उतरताना हे काय बोलले वो? शेवटचं? भाऊ तर तिथंच हुते. तुमाला सांगितलं असंल ना त्यांनी."

त्या संध्याकाळी भाऊ माझ्यासमोर दीड तास बसले होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. शब्दन् शब्द सांगितला असता, त्यांना तेवढंच तर पाठ होतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि बरण्या किती उरल्या ते मनात चाललं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."